पुढे गेलेल्या विमानाची हवा

३ मार्च, रविवार. स्फाक्स

परवा निघायचं. हेदीने बॅग आज तिसऱ्यांदा भरली आणि तिसऱ्यांदा रिकामी केली. आयुष्यभर लोकांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, आता बॅगही उघडून आत काय बिघडलंय ते बघत बसतो. एहरामची दोन पांढरी कापडं, एक कमरेला आणि एक खांद्यावर, शिवण नाही की काही नाही. त्यांनाही इस्त्री केली. मी म्हटलं, "अल्लाहच्या घरी जातोयस, नगरपालिकेत नाही." तो म्हणाला, "नगरपालिकेत चुरगळलेलं चाललं असतं."

कमरेचं कापड त्याला नेसता येत नाही. आरशासमोर उभा राहून बराच वेळ खटपट केली, दर वेळी सुटलं. शेवटी मलाच हाक. मी घट्ट गुंडाळून वरून पट्टा ओढला तेव्हा राहिलं.

त्याचा खोकला अजून गेलेला नाही. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालेल्या आमच्या गटातले बहुतेक पुरुष ट्यूनिसच्या विमानतळावरच एहराम नेसून येणार आहेत. मी त्याला सांगितलं, उघड्या खांद्याने चार तास त्या थंडगार विमानात बसशील आणि मक्केत न्यूमोनिया घेऊन उतरशील. गरम कपडे घाल, विमानातच बदल. आमच्या गटाचे शेख म्हणालेच होते की मीकात, म्हणजे ती पवित्र हद्द, आपल्या वाटेवर राबिग गावापाशी येते, अगदी उतरायच्या सुमाराला. हद्द येण्याआधी एहराम नेसलेला हवा आणि तोंडाने नियत केलेली हवी, 'लब्बैक, हजर आहे, उमऱ्यासाठी' असं म्हटलेलं हवं, एवढंच. हेदीला काही ते पटलं नाही. पण ऐकलं.

६ मार्च, बुधवार. जेद्दा, रुग्णालय

लिहिते आहे, कारण या खुर्चीत बसून दुसरं काही करता येत नाही.

काल विमानात सगळं ठीक होतं. आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत. हेदीने बसीसाच्या गोड पिठाचा डबा अर्धा संपवला, पलीकडच्या सी मुन्जीलाही दिला. हे सी मुन्जी आमच्याच गल्लीतले, तिसऱ्यांदा निघालेले, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले. मग ओल्फा नावाच्या हवाई सुंदरीने सांगितलं की मीकात वीस मिनिटांवर आली, ज्यांना कपडे बदलायचे आहेत त्यांनी बदलून घ्या. मागच्या शौचालयापाशी रांग लागली. विमान उतरायला लागलं होतं, कानात दडे बसत होते. हेदीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. कापडं छातीशी धरून आत गेला.

मग दुसरी घोषणा झाली. मीकात आली. सगळं विमान एका आवाजात लब्बैक म्हणू लागलं. मीही डोळे मिटले आणि माझी नियत म्हणायला लागले. तेवढ्यात शौचालयाचं दार उघडलं. हेदी अर्धा बाहेर, कमरेचं कापड दोन्ही हातांनी धरलेलं. "शाद्लिया," त्याने हाक मारली. मी ऐकली. मी हात वर केला, थांब, माझं होऊ दे. नियत मध्येच तोडायची नसते.

माझं पुरं झालं आणि विमान कलंडलं. ढगातून जाताना बसतात तसे ते हादरे नव्हते. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली समुद्र दिसत होता. ताटाची एक कड कुणीतरी उचलावी तसा एक पंख सरळ खाली गेला आणि माझ्या खिडकीत आभाळाऐवजी पाणी आलं. मग दुसऱ्या बाजूला. दोन-चार श्वास, एवढंच. माझा पट्टा लावलेला होता. हेदी छताला लागला आणि शेवटच्या खुर्चीच्या दांड्यावर पडला.

लगेच सगळं सरळ झालं. काही झालंच नाही असं विमान उतरत राहिलं. लोक अजून लब्बैक म्हणत होते, फक्त आता जोरात. ओल्फा रांगतच त्याच्यापाशी गेली आणि खांद्यावर घ्यायचं ते दुसरं कापड तिने त्याच्या अंगावर घातलं.

मान आणि डोकं, असं डॉक्टर म्हणतात. तो झोपलेला आहे. श्वासाला यंत्र लावलं आहे, म्हणजे त्याला तेवढेच कष्ट कमी.

७ मार्च, गुरुवार

आज मी नर्सशी भांडले. लिजी तिचं नाव, केरळची आहे, कित्येक वर्षं इथे काढल्यामुळे अरबी आमच्यासारखीच तोडून बोलते. हेदीचं अंग पुसायला लिंबाच्या वासाचे ओले रुमाल आणले. मी तिचा हातच धरला.

"वास चालणार नाही. तो एहरामात आहे."

ती म्हणाली, "हाज्जा, सगळ्यांना आम्ही हेच वापरतो."

"सगळे एहरामात नाहीत. त्याची नखं कापायची नाहीत, केस कापायचे नाहीत, वासाचं काही लावायचं नाही. उद्या उठून मला विचारेल तो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि साधं कोमट पाणी घेऊन आली. डोक्याच्या पट्टीचं मात्र काय करावं कळेना. एहरामात पुरुषाचं डोकं झाकायचं नसतं. आमच्या शेखना फोन केला. ते म्हणाले औषधाची पट्टी चालते, एवढी काळजी करू नका.

काळजी कशी करू नको? नुसत्या कापडांनी एहराम लागत नाही, नियत म्हटलेली लागते. घोषणा झाली तेव्हा तो आत होता. एकटाच होता, दार लावलेलं होतं. हाक मारायच्या आधी त्याने लब्बैक म्हटलंच असेल. म्हणायला कितीसा वेळ लागतो.

मीही अजून एहरामातच आहे. जोवर मक्केला जाऊन फेरे घालत नाही आणि केसांची बट कापत नाही, तोवर सुटायचं नाही. इथल्या मोरीतला साबण गुलाबाच्या वासाचा आहे, म्हणून नुसत्या पाण्याने हात धुते. सी मुन्जीचा फोन आला होता. गटातल्या सगळ्यांचा उमरा झाला म्हणे. "लल्ला शाद्लिया, तुम्ही तरी उरकून घ्या. गाडीने तासाभराचा तर रस्ता." मी म्हटलं, उरकून घ्यायला ते काय वीजबिल आहे? आम्ही दोघं जाऊ.

९ मार्च, शनिवार

अनीस आला लियोनहून. दाढी वाढलेली, डोळे लाल. दारातच मला मिठी मारली आणि मग फोनवर विमान कंपनीच्या माणसावर इतका ओरडला की रखवालदार धावत आला. बापावर गेलेला नाही हा. हेदी कधी ओरडत नाही, बिघडलेल्या वस्तूवर तर मुळीच नाही.

मग शांत झाल्यावर विचारलं, "बाबा ट्यूनिसलाच का नाही नेसले? बाकीचे सगळे नेसून आले होते."

"त्याचं त्यानेच ठरवलं," मी म्हटलं.

डॉक्टर आणि अनीस बाहेर बराच वेळ बोलत होते. आत आल्यावर म्हणाला, फरक नाही. म्हणजे वाईटही नाही. एवढ्या मोठ्या पडण्यानंतर फरक नाही ही काही लहान गोष्ट नव्हे.

११ मार्च, सोमवार

त्या विमानाचा कप्तान आला. साधा शर्ट घालून आलेला, मी ओळखलंही नाही. हातात खजुरांचा डबा. अनीसने तोंड फिरवलं आणि बाहेर निघून गेला.

"हाज्जा," त्याने सुरुवात केली.

"हाज्जा म्हणू नकोस. माझा अजून उमराही झालेला नाही."

बसला. मी त्याला विचारलं, मला समजेल अशा भाषेत सांग, काय झालं. त्याने दोन्ही हात पसरून पंख केले. आमच्या पुढे एक अवाढव्य विमान उतरत होतं. पंखांच्या दोन्ही टोकांशी हवा पिळली जाते आणि विमानाच्या मागे दोन आडवे भोवरे सुटतात. विमान जितकं जड तितके ते जोरकस. दिसत मात्र नाहीत. विमान निघून जातं, भोवरे तिथेच राहतात आणि हळूहळू खाली बसत जातात. वारा असला की मोडतात. त्या दिवशी वारा नव्हता.

"हवा छान होती म्हणून हे झालं?"

"तसंच म्हणा."

"अंतर कमी ठेवलंत का?"

"नियमात आहे तेवढं होतं. थोडं जास्तच."

"आणि त्या पुढच्या विमानातल्यांना कळलं काही?"

"नाही. ते उतरले. आपापलं सामान घेऊन गेले असतील."

या वाक्याने मला जितका राग आला तितका त्याच्या दुसऱ्या कुठल्याच वाक्याने आला नाही. चार-पाचशे माणसं, सामान घेऊन गेली.

मग त्याने आपण होऊनच पट्ट्याच्या दिव्याचं सांगितलं. उतरायला लागलं की पट्टे बांधायचा दिवा लावायचा असतो. पण या वाटेवर मीकात नेमकी तिथेच येते. दिवा लावला की म्हातारी माणसं मुकाट खाली बसतात, आणि कपडे न बदलताच हद्द ओलांडली जाते. मग रडतात. "माझे वडील असेच रडले होते. म्हणून मी थोडा उशिरा लावतो. बरेच जण तसं करतात. चौकशीत लिहून दिलंय मी."

त्याच्यासाठी शिव्या मी केव्हापासून जमवून ठेवल्या होत्या. एकही आठवेना. माझ्या अनीसपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल.

"दिवा लावला असतास तरी हेदी उठला असता," मी म्हटलं. "ऐकणारा नव्हता तो." आणि मग सुधारलं, "ऐकणारा नाही."

जाताना त्याने हेदीच्या पायांना हात लावला. खजूर मी लिजीला देऊन टाकले.

१३ मार्च, बुधवार

हेदीच्या खोलीबाहेरच्या खिडकीतून उतरणारी विमानं दिसतात. समुद्राकडून येतात, एकामागून एक, माळेसारखी. आता मला कळायला लागलंय कोणतं जड आणि कोणतं हलकं. मोठ्याच्या मागे लहान आलं की मी उभी राहते. ते घरांच्या मागे खाली जाईपर्यंत बसवत नाही. आज एक बाई मला म्हणाली, कुणी येणार आहे का तुमचं? मी म्हटलं, नाही.

हेदीचा अंगठा हलला. मी पाहिला. लिजीला सांगितलं तर म्हणाली, "कधीकधी हलतो, उम्मी." म्हणजे तिनेही मान्य केलं. हाज्जा सोडून हल्ली ती मला उम्मी, आई, म्हणायला लागली आहे. न मागता चहा आणते, त्यात साखर जास्त घालते. सगळेच फार चांगले वागायला लागले आहेत. डॉक्टर आता माझ्याशी बोलत नाहीत, अनीसशीच बोलतात. बरं आहे, मला त्यांचे शब्द समजत नाहीत.

अनीस रोज म्हणतो, "उम्मी, मक्केला जाऊन ये. मी थांबतो इथे. तुझे हात बघ, साबण नाही काही नाही." मी म्हणते, बाबा उठू दे. तो म्हणतो, "बाबांना आवडेल तू गेलीस तर." त्याला काय माहीत बाबांना काय आवडेल. मी तिकडे फेरे घालत असताना हेदीने डोळे उघडले आणि मी नसले तर?

खरं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. एकटी जाऊन आले, की एकटी जाऊन आलेली बाई होईन मी.

१५ मार्च, शुक्रवार

ओल्फा भेटायला आली. दुपारच्या विमानाने परत जायचं होतं तिला, गणवेशातच होती. मनगटाला पट्टी. मी कैरवानच्या मक्रूद मिठाईचा डबा उघडला. उमरा झाल्यावर खायला म्हणून आणला होता, पण घरी आलेल्या मुलीला रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं. हे घर नाही, ते सोडा.

मी तिला विचारलंच. तू दाराशीच होतीस. त्याने लब्बैक म्हटलेलं ऐकलंस का?

तिने अनीसकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. ऐकलं."

"आतून?"

"आतून. दार उघडायच्या आधी."

"आवाज कसा होता?"

"स्पष्ट होता."

"त्याला खोकला होता."

तिने पुन्हा अनीसकडे पाहिलं. "हो, मध्ये खोकले. पण म्हटलं त्यांनी."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. तिचे दोन्ही हात धरून मी रडले, इथे आल्यापासून पहिल्यांदा. तीही रडली. फार हळवी मुलगी आहे. ती गेल्यावर मी अनीसला म्हटलं, बघ, साक्षीदार आहे आता. तो एहरामात आहे. अनीसने मला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

१७ मार्च, रविवार

हेदी गेला. सकाळी, मी जवळ होते.

१८ मार्च, सोमवार

आज त्याला अंघोळ घातली. घालणारे दोघं होते, त्यातला वयस्क माणूस बाहेर आला. अनीस आणि मी बाकावर बसलो होतो. त्याने अदबीने विचारलं, "हे एहरामात होते का? तसं असेल तर आम्ही त्यांना त्यांच्याच दोन कापडांत ठेवू. अत्तर-कापूर लावणार नाही, डोकं उघडं ठेवू. लब्बैक म्हणत उठेल तो माणूस कयामतीच्या दिवशी."

अनीस लगेच म्हणाला, "हो. विमानातल्या मुलीने ऐकलंय."

माझंही उत्तर तयार होतं. इतके दिवस नर्सशी, डॉक्टरशी, साबणाशी मी याच एका गोष्टीसाठी भांडत होते. नुसतं हो म्हणायचं होतं.

पण माझा नवरा मला माहीत आहे. आत एक स्क्रू राहिला असेल तर हेदीने कधी कुठल्या पेटीचं झाकण लावलं नाही, गिऱ्हाईक दुकानात आरडाओरडा करत उभं असलं तरी. कमरेचं कापड दोन्ही हातांनी धरून तो नियत म्हणणार नाही. आधी नीट नेसून घेईल, खांद्यावरचं सारखं करेल, मग म्हणेल. नेसता येत नव्हतं म्हणूनच त्याने दार उघडलं. म्हणूनच मला हाक मारली.

"नाही," मी म्हटलं. "अजून नव्हता. तो माझ्यासाठी थांबला होता."

"उम्मी," अनीस म्हणाला, "ओल्फा म्हणाली ना."

"ओल्फा चांगली मुलगी आहे. मीच त्याला थांब म्हणून हात केला होता, अनीस. आणि ट्यूनिसला नेसू नकोस हेही मीच सांगितलं होतं."

त्याने मान खाली घातली. मग माझा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. तो माणूस 'अल्लाह स्वीकारो' असं काहीतरी पुटपुटला आणि आत गेला. थोड्या वेळाने कापराचा वास आला. त्यांनी हेदीचं डोकं झाकलं, बाकी सगळ्या माणसांचं झाकतात तसं. दुपारच्या नमाजनंतर इथेच जेद्दात दफन केलं. बायका जात नाहीत, मी गाडीत बसून होते.

खोटं बोलले असते तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण हेदीला चुकीच्या कपड्यात पाठवायचं माझ्याने झालं नाही.

२१ मार्च, गुरुवार. मक्का

काल माझा उमरा झाला. फेरे घातले, टेकड्यांमधल्या येरझाऱ्या घातल्या, अनीसने कात्रीने माझी बट कापली. सुटले. संध्याकाळी साबणाने हात धुतले, फेस येईपर्यंत धुतले. गुडघे इतके दुखत होते की रडू त्याचंच आहे असं मी अनीसला सांगितलं.

आज सकाळी फोन करून शेखना विचारलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसासाठी उमरा करता येतो, पण आधी स्वतःचा झालेला हवा, आणि पुन्हा हद्दीबाहेर जाऊन नव्याने नियत करायला हवी, या वेळी त्याच्या नावाने. अनीस म्हणाला, "उम्मी, तुझे पाय सुजलेत. मी करतो बाबांसाठी." मी म्हटलं, तू उद्या कर. आधी मी.

टॅक्सीने तनईमला गेलो, मक्केत असलेल्यांना राबिगपर्यंत जावं लागत नाही, ही जवळची हद्द चालते. हद्दीच्या पलीकडे मशीद आहे, लोक तिथून नियत करून परत शहरात येतात. फार गर्दी होती, इंडोनेशियाच्या बायकांचा एक मोठा घोळका, सगळ्यांच्या डोक्याला पिवळे रुमाल. दोन रकात नमाज पढले. बाहेर पायरीवर उभी राहिले. अनीस मागे चपला घेऊन उभा.

मी त्याचं पूर्ण नाव घेतलं, त्याच्या बापाचंही. "लब्बैक. हेदी बिन सालेहच्या वतीने, उमऱ्यासाठी." खोकला आला नाही, आवाज फाटला नाही. स्पष्ट म्हटलं. आता तो हजर आहे, हे मला नक्की माहीत आहे, कुणाच्या साक्षीची गरज नाही.

अनीसने चपला पुढे ठेवल्या. म्हणाला, "चल लवकर, दुपारच्या आत फेरे होतील."

मी म्हटलं, "घाई करू नकोस. बाबांना गर्दीत भराभर चालवत नाही."